नवजात बाळाचा डोस: नुसतं वजनाचं गणित का पुरत नाही

मुलांचा डोस काढायची जुनी रीत सोपी होती. क्लार्कच्या नियमात मुलाचं पौंडांतलं वजन १५० ने भागायचं आणि मोठ्या माणसाचा डोस त्याने गुणायचा. बाळ म्हणजे लहान आकाराचा माणूस, एवढाच त्यामागचा समज. तो किती चुकीचा आहे हे १९५९ साली कळलं, आणि ते कळेपर्यंत बाळं गेली होती.

लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात, पाणमोट फुटून २४ तास उलटल्यावर जन्मलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक द्यावं का, हे तपासलं गेलं. काहीच न दिलेल्या गटात शंभरात १९ बाळं दगावली. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या गटात १८. क्लोरॅम्फेनिकॉलच्या गटात मात्र ६०, आणि तिन्ही औषधं मिळालेल्या गटात ६८! बाळाचं पोट फुगायचं, उलट्या व्हायच्या, अंग गार पडून राखेसारखं दिसायचं. यालाच पुढे ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ म्हणू लागले.

डोस किलोमागे मोजूनच दिला होता. पण क्लोरॅम्फेनिकॉल निकामी करणारं यकृतातलं एन्झाइम नवजात बाळात पुरेसं तयार झालेलं नसतं, मूत्रपिंडंही हळू चालतात. त्यामुळे आधीचा डोस बाहेर पडायच्या आत पुढचा अंगात जायचा आणि रक्तातली पातळी चढत राहायची. तेव्हापासून वजनाच्या जोडीला दोन आकडे आले: बाळ किती आठवड्यांचं जन्मलं आणि आज त्याचा कितवा दिवस आहे. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक पूर्ण दिवसांच्या बाळाला २४ तासांनी देतात, तर २८ आठवड्यांच्या बाळाला पहिल्या आठवड्यात ४८ तासांनी. पुढचा डोस देण्याआधी रक्त घेऊन आधीचं औषध कितपत उरलंय ते बघतात, कारण साचलं तर कान आणि मूत्रपिंडं जायची भीती.

दुसरा धोका सिरिंजमध्ये आहे. आपल्याकडची जेंटामायसिनची नेहमीची व्हायल ८० मिलिग्रॅमची, २ मिलिलिटरची. एक किलोच्या बाळाला ५ मिलिग्रॅम द्यायचे तर भरायचं फक्त ०.१२५ मिलिलिटर. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दसपट डोस, आणि ते १.२५ मिलिलिटर त्याच एका व्हायलमधून आरामात निघतं. हात थांबावा असं काहीच घडत नाही. म्हणून आधी १ मिलिलिटर औषधात ३ मिलिलिटर सलाइन घालतात आणि त्यातलं अर्धा मिलिलिटर भरतात. हा हिशेब दोन सिस्टरनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकींचं उत्तर न बघता करायचा असतो. उत्तरं जुळली तरच सुई लागते.