दोराचा एक पेड : नॉर्स उपकथांची जुनी वाट

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकन लेखक रिक रायर्डन यांचा 'नाइन फ्रॉम द नाइन वर्ल्ड्स' हा छोटा कथासंग्रह आला. बॉस्टनच्या रस्त्यांवर राहणारा मॅग्नस चेस हा मुलगा मरतो आणि वाल्हालाला, म्हणजे ओडिन देवाच्या वीरांच्या महालात पोचतो, त्याची ही मालिका. तिच्या तीन कादंबऱ्या २०१५ ते २०१७ या काळात येऊन गेल्या होत्या. संग्रहात मात्र गोष्टी घडतात त्या मॅग्नसच्या सोबत्यांच्या: कपड्यांचा शौकीन बुटका ब्लिट्झन, ऐकू न येणारा एल्फ हार्थस्टोन, मेलेल्या वीरांना वाल्हालाला नेणारी वाल्किरी समीरा. नऊ जगं आणि नऊ कथा.

मालिका संपल्यावर येणाऱ्या अशा पुस्तकांना पुष्कळ वाचक शेपूट समजतात. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या कथांच्या बाबतीत मला ते पटत नाही, कारण त्या मुळात अशाच वाढल्या.

जुन्या नॉर्स भाषेत आखूड कथेला 'थात्तर' म्हणत. शब्दाचा अर्थ दोराचा पेड. पेड वळून दोर व्हावा, तशा राजांच्या लांबलचक सागांमध्ये, म्हणजे गद्य चरित्रकथांमध्ये, या लहान कथा वळलेल्या असत. १३८७ च्या सुमारास आइसलँडमध्ये लिहायला घेतलेल्या 'फ्लातेयारबोक' या प्रचंड हस्तलिखितात ओलाफ नावाच्या दोन राजांची चरित्रं आहेत आणि त्यांच्यात अशा कितीतरी कथा गुंफल्या आहेत. नायक राजा असला तरी थात्तरमध्ये पुढे येतो तो बहुधा एखादा साधा माणूस.

औदुनचंच बघा. आइसलँडच्या पश्चिम फियॉर्डमधला हा गरीब माणूस ग्रीनलँडमध्ये होतं नव्हतं ते सगळं देऊन एक पांढरं अस्वल विकत घेतो. ते त्याला डेन्मार्कच्या स्वेन राजाला भेट द्यायचं असतं. वाटेत नॉर्वे लागतं, आणि तिथला हाराल्ड राजा स्वेनचा हाडवैरी. हाराल्ड अस्वलाची दुप्पट किंमत देऊ करतो. औदुन सरळ नाही म्हणतो, कुणासाठी नेतोय तेही सांगून टाकतो, आणि हाराल्ड त्याला जाऊ देतो! पुढे जवळचे पैसे संपतात, अस्वल आणि माणूस दोघंही उपाशी पडतात, तेव्हा खाण्याच्या बदल्यात अर्धं अस्वल स्वेन राजाच्या कारभाऱ्याला लिहून द्यावं लागतं. हाराल्डवर मोठी सागा आहे, लढाया आहेत. पण त्याचा स्वभाव मला कळला तो या काही पानांच्या गोष्टीतून.

देवांच्या कथाही तुकड्यांतूनच आपल्यापर्यंत आल्या. 'कोडेक्स रेजियस' हे त्यांचं मुख्य हस्तलिखित साधारण १२७० च्या सुमाराचं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या वीसेक वर्षं आधीचं. आइसलँडचे बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सन यांच्या हाती ते १६४३ मध्ये लागलं, पुढे डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि १९७१ मध्ये 'फ्लातेयारबोक'बरोबर जहाजाने रेक्याविकला परत आलं. बंदरावर लोकांची रीघ लागली होती. त्याची आज ४५ पानं उरली आहेत, मधली आठ गहाळ. त्यातल्या देवांच्या बऱ्याच कविता एकेका प्रसंगाच्या. थ्रिम राक्षस थोर या देवाचा हातोडा चोरतो आणि बदल्यात फ्रेया देवीशी लग्न मागतो, तेव्हा खुद्द थोर नवरीच्या वेषात जातो आणि मेजवानीत एक बैल नि आठ सॅल्मन मासे फस्त करतो. रायर्डन यांच्या दुसऱ्या कादंबरीत हेच लग्न नव्या पात्रांसह पुन्हा लागतं.

या तुकड्यांना ओळीने लावलं ते आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन या लेखकाने, १२२० च्या आसपास. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून दोनशेहून जास्त वर्षं झाली होती. कवितेत सोन्याला 'सिफचे केस' (सिफ ही थोरची बायको) का म्हणायचं, हे जुन्या कथा ठाऊक असल्याशिवाय कळत नसे. स्नोरीने आपला ग्रंथ काव्य शिकू पाहणाऱ्या तरुण कवींसाठी असल्याचं स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे या कथा नव्या पिढीसाठी नव्याने सांगण्याचं काम आठशे वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. इंग्रजीत ॲनी आणि एलायझा कीरी या बहिणींनी १८५७ मध्ये मुलांसाठी त्या सांगितल्या, १९२० मध्ये पॅड्रिक कोलम यांनी.

याच कथांवर विसाव्या शतकात जर्मनीतल्या वंशवाद्यांनी हक्क सांगितला. म्हणून समीरा ही हिजाब घालणारी मुस्लिम वाल्किरी मला महत्त्वाची वाटते. तिला इतिहासाचा आधारही आहे: बगदादहून निघालेला अहमद इब्न फदलान ९२२ मध्ये व्होल्गाकाठी उत्तरेकडच्या 'रूस' लोकांना भेटला होता आणि त्यांच्या नौकादहनाचं वर्णन त्यानेच लिहून ठेवलं.

आणि बॉस्टन का? तिथे कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर १८८७ पासून अमेरिकेला पोचलेल्या लेफ एरिक्सन या नॉर्स दर्यावर्दीचा पुतळा उभा आहे. बेकिंग पावडरवर श्रीमंत झालेले रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांची खात्री होती की लेफ चार्ल्स नदीकाठी राहिला. पुरावा काही मिळाला नाही. नॉर्स वस्तीचे खरे अवशेष १९६० मध्ये सापडले ते पार कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या टोकाला. पुतळा मात्र राहिला, आणि रायर्डन यांनी कथेसाठी तो उचलला.

नऊ जगांचं काय? 'व्होलुस्पा' या कवितेतली द्रष्टी सांगते की तिला नऊ जगं आठवतात. दुसऱ्या एका कवितेतला राक्षस म्हणतो, मी नऊही जगं फिरलोय. पण ती नऊ कोणती, याची यादी जुन्या साहित्यात कुठेही सलग दिलेली नाही. असगार्ड, मिडगार्ड, योटुनहाइम ही नावं वेगवेगळ्या ठिकाणांहून वेचावी लागतात. बुटक्यांचं घर निदावेलीर की स्वार्तालफाहाइम, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. रायर्डन यांनी निदावेलीर निवडलं.