स्पेक्ट्रमचं रबर घासून काहीही होणार नाही

कमोडोर ६४ या १९८२ च्या घरगुती कॉम्प्युटरचा कीबोर्ड बऱ्याच जणांनी उघडलेला असतो, म्हणून त्याचं थोडक्यातच. प्रत्येक बटणाच्या दांडीखाली कार्बनवाल्या रबराची टिकली असते, ती सर्किट बोर्डावरच्या पॅडला टेकली की कनेक्शन होतं. एखाददुसरं बटण नीट लागत नसेल तर टिकली आणि पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. पॉलिश पेपर मात्र मारू नका प्लीज, कार्बनच निघून जातो. बोर्ड उघडताना शिफ्ट लॉकच्या दोन वायरी डिसोल्डर कराव्या लागतात, बाकी नुसते स्क्रू.

आता हेच डोक्यात ठेवून लोक झेडएक्स स्पेक्ट्रम उघडतात, तोही १९८२ चाच, त्यातही रबर दिसतं, मग रबरी मॅट काढून घासत बसतात. अहो, त्या मॅटमधून करंट जातच नाही! ती फक्त बोटाचा दाब खाली पोचवते. खरा स्विच तिच्या खालच्या मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे प्लास्टिक फिल्मच्या थरांमध्ये असतो आणि मेम्ब्रेन जातं ते सहसा बटणाखाली नाही तर मेम्ब्रेनच्या दोन शेपट्यांमध्ये, म्हणजे त्यातून बाहेर निघणाऱ्या पट्ट्यांमध्ये. एक ८ लाइनची, एक ५ लाइनची, दोन्ही बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये खोचलेल्या. वर्षानुवर्षांत प्लास्टिक कडक होतं, केस उघडताना शेपटीला हिसका बसला की तिच्यावरचा करंट नेणारा ट्रॅक तुटला.

म्हणून आधी कुठली बटणं गेलीत ते बघा. प्रत्येक बटण ८ पैकी एक लाइन ५ पैकी एका लाइनला जोडतं, म्हणून ८ गुणिले ५, अशी ४० बटणं. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी एकदम गेली तर संशय ८ वाल्या शेपटीवर. १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट, स्पेस अशी दोन्ही कडांची आठ गेली तर ५ वालीवर. खात्री हवी तर शेपट्या काढा आणि एका कनेक्टरची पिन दुसऱ्याच्या पिनला वायरने क्षणभर जोडा, स्क्रीनवर काही उमटलं तर त्या लाइनींपुरता बोर्ड ठीक आहे.

मग सरळ नवीन मेम्ब्रेन टाका. शेपटीवर सोल्डरिंग करायला जाल तर प्लास्टिक वितळेल, कंडक्टिव्ह पेंट लावाल तर पुढच्या वेळी वाकवताना परत तडा जाईल. कडक बटणं बसवून हा प्रॉब्लेम सुटतो हाही गैरसमजच, १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसमध्येसुद्धा आत मेम्ब्रेनच आहे. आणि मेम्ब्रेन बदलताना काढावी लागणारी रबरी मॅटवरची धातूची पट्टी चिकटवलेली असते, ती हेअर ड्रायरने गरम करत हळूहळूच उचला, एकदा मुडपली की ती परत सपाट होत नाही.