मनीप्लांटची छाट कलमे

मनीप्लांट ही अळूच्या कुळातील सदाहरित वेल असून तिचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम असे आहे. ती मूळची फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावरची. फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नसल्याने तिला फुले क्वचितच येतात, आणि त्यामुळे घरोघरची वेल छाट कलमांनीच वाढवलेली असते. चोरून आणलेली फांदीच लाभते, असा समज रूढ आहे. फांदी रुजते मात्र ती पेरामुळे, म्हणजे खोडावर पान जिथून फुटते त्या सांध्यामुळे.

अपुऱ्या उजेडात वेलीची कांडी, म्हणजे दोन पेरांमधले भाग, लांबतात, पाने लहान राहतात आणि खालची गळून बुंध्याकडचा भाग उघडा पडतो. अशी वेल छाटली असता खालचे डोळे दाबून ठेवणारा शेंड्याचा प्रभाव नाहीसा होऊन खालच्या पेरांवरील सुप्त डोळे फुटतात व कुंडीतील मूळ वेल पुन्हा भरते. उजेड न वाढवल्यास नवे फुटवेही तसेच लांबुडके होतात.

पेराजवळ तपकिरी, खरखरीत गाठीसारखे दिसणारे हवाई मूळ असते. मुळे येथूनच फुटतात आणि नवा कोंब पानाच्या बेचक्यातील डोळ्यातून येतो. म्हणून पेराच्या साधारण एक सेंटिमीटर खाली स्वच्छ, धारदार कात्रीने काप घेऊन एकदोन पेरांचे व किमान एका पानाचे तुकडे करतात. पेराविना देठासह नुसते पान पाण्यात ठेवले तर ते कित्येक आठवडे हिरवे राहते, क्वचित मुळेही धरते, पण डोळाच नसल्याने त्याची वेल होत नाही. उघड्या पडलेल्या दांड्याचे पानाविना तुकडेही ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) आडवे ठेवल्यास फुटतात, मात्र त्यांना वेळ अधिक लागतो.

पाण्यात लावताना पेर बुडालेले आणि पान पाण्याबाहेर असावे. उबदार हवेत दोनतीन आठवड्यांत मुळे दिसू लागतात. ती पाचसात सेंटिमीटरची झाली की कलम माती, कोकोपीट व थोडे गांडूळखत यांच्या निचऱ्याच्या मिश्रणात लावावे. पाण्यात वाढलेली मुळे नाजूक असल्यामुळे सुरुवातीला माती सुकू देऊ नये. एकाच कुंडीत पाचसहा कलमे लावल्यास ती लवकर भरगच्च दिसते. एकेकटे कलम लावून फुटव्यांची वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही.

बाटलीत पाणी साचून राहिले की पाण्यालगतच्या आतल्या भिंतीवर डेंग्यू पसरवणारा एडीस डास अंडी घालतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदलून बाटली आतून घासणे आवश्यक ठरते. महाराष्ट्रातील महापालिका डेंग्यूच्या हंगामात हीच सूचना देतात. वेलीच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून छाटलेले तुकडे मुले व मांजरे यांच्या हाती लागतील असे ठेवू नयेत.