दहापैकी किती दुखतं? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

इंदूरच्या हाडांच्या ओपीडीत गुडघे चोळत बसलेल्या आजींना हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "माताजी, दर्द दस में से कितना?" तिथल्या रामबाग मोहल्ल्यातल्या आजी दुखतात मराठीत आणि उत्तर देतात हिंदीत. आकडा मात्र बऱ्याचदा देतच नाहीत. "रुपये में चार आना आराम है," म्हणतात. फॉर्म भरणारा मुलगा जरा घुटमळतो आणि ७ लिहून मोकळा होतो. आजींनी सांगितला तो उतार, त्याने लिहिली ती तीव्रता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे संशोधकांनाही सहजासहजी उमगलं नव्हतं.

सुरुवातीला त्यांना माणसाला विचारायचंच नव्हतं, यंत्राने मोजायचं होतं. १९४० मध्ये न्यूयॉर्कला हार्डी, वुल्फ आणि गुडेल या तिघांनी डोलोरिमीटर बनवला. कपाळाला काळी शाई फासायची, त्यावर तापलेल्या दिव्याचा झोत तीन सेकंद सोडायचा आणि किती उष्णतेला दुखायला लागतं ते टिपायचं. बरेचसे प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले. वेदनेचं एकक ठरवलं 'डोल', आणि मोजपट्टी साडेदहा डोलांपर्यंत नेली. पुढे प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या बायकांच्या हातावर दोन कळांच्या मध्ये चटके देऊन "कळ एवढी होती का?" असंही विचारलं गेलं. विज्ञानाच्या नावाखाली बायकांनी काय काय सोसलं, त्यात हेही धरावं.

यंत्राच्या कल्पनेला मोठा धक्का दिला तो युद्धाने. हेन्री बीचर हा अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीच्या आघाडीवर जखमी सैनिकांवर उपचार करत होता. १९४६ मध्ये त्याने लिहिलं, की गंभीर जखमा असूनही सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांना मॉर्फीन मागण्याइतकं दुखत नव्हतं. आघाडीवरून जिवंत सुटलो, हीच त्यांच्यासाठी मोठी गोष्ट होती. जखम केवढी यावरून वेदना केवढी हे ठरत नसेल, तर ज्याचं दुखतंय त्याला विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

पण विचारायचं कसं? कॅनडाच्या रोनाल्ड मेल्झॅकने रुग्ण कोणकोणते शब्द वापरतात ते ऐकून त्यांची यादी केली. ही सवय त्याला १९५०च्या दशकात ओरेगनच्या वेदना-क्लिनिकमध्ये लागली होती. वॉरन टॉर्गर्सनच्या मदतीने त्या शब्दांची प्रतवारी झाली आणि १९७५ मध्ये मॅकगिल वेदना प्रश्नावली आली: २० गटांत ७८ शब्द. वेदना किती आहे याबरोबरच ती कशी आहे, हे तिने विचारलं. ठणका, चमक, आग, ठसठस यांत फरक करणाऱ्या आपल्या घरांत हे कुणाला पटवून द्यावं लागणार नाही. त्याच सुमारास, १९७३ मध्ये, जॉन बोनिका यांच्या पुढाकाराने वेदना-अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. तिच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात ही प्रश्नावली छापून आली.

गर्दीच्या ओपीडीत ७८ शब्द वाचायला वेळ कुणाला? तिथे १०० मिलिमीटरची आडवी रेघ चालली. एका टोकाला 'अजिबात नाही', दुसऱ्या टोकाला 'असह्य', मध्ये कुठेतरी खूण करायची. कल्पना जुनी, पण १९७४ मध्ये हस्किसन यांच्या लेखानंतर ती सर्वदूर गेली. गंमत म्हणजे झेरॉक्स काढताना ही रेघ कधी लांबते, कधी आखडते, आणि मिलिमीटर मोजणाऱ्याची पंचाईत होते. वयस्कर माणसांनाही ती नीट कळत नाही. म्हणून शून्य ते दहा हा तोंडी आकडा टिकला.

यानंतर प्रश्नावल्यांचं पीकच आलं. कंबरेसाठी ऑस्वेस्ट्री आणि रोलंड-मॉरिस, गुडघ्यासाठी वोमॅक, कर्करोगाच्या वेदनेसाठी ब्रीफ पेन इन्व्हेंटरी. प्रत्येक संशोधक आपल्या पसंतीची घेई. त्यामुळे एकाच औषधाच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवता येत, पण एकत्र मिळवता येत नसत.

यावर तोड काढायला २००२ मध्ये विद्यापीठं, औषध कंपन्या आणि सरकारी नियामक यांची माणसं इम्पॅक्ट या नावाने एकत्र बसली. दीर्घकालीन वेदनेवरच्या प्रत्येक चाचणीत सहा बाबींचा विचार व्हावा, असं त्यांनी सुचवलं: वेदना, शारीरिक हालचाल, मनःस्थिती, रुग्णाला स्वतःला वाटणारी सुधारणा, दुष्परिणाम, आणि कोण किती दिवस चाचणीत टिकलं. शेवटची बाब मला सर्वांत प्रामाणिक वाटते. मध्येच सोडून गेलेल्यांचा हिशेब नसेल, तर उरलेल्यांची सरासरी छानच दिसणार.

एकसारखं मोजल्याने काय साधतं, ते एक वर्ष आधीच दिसलं होतं. प्रीगॅबालिन या वेदनेवरच्या औषधाच्या दहा चाचण्यांतल्या २,७२४ रुग्णांचे शून्य-ते-दहाचे आकडे फॅरर आणि सहकाऱ्यांनी एकत्र तपासले. सुमारे दोन अंकांनी किंवा ३० टक्क्यांनी वेदना उतरली, की रुग्ण स्वतःहून 'बराच फरक आहे' म्हणतो, असं दिसलं. इंदुरी हिशेबात सांगायचं तर सोळा आण्यांच्या रुपयात पाच आणे. आजींचे चार आणे थोडक्यात हुकले.

अमेरिकेत या आकड्याचा अतिरेकही झाला. १९९०च्या दशकात वेदनेला नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या पंक्तीत दर वेळी तपासायची पाचवी खूण म्हणून बसवलं गेलं. आकडा खाली आणायचा म्हणून ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या हात सैल सोडून लिहिल्या गेल्या. व्यसन आणि मृत्यूंचं जे संकट उभं राहिलं, त्याची इतरही कारणं होती, पण २०१६ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने ही पाचवी खूण सोडून दिली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'हील' कार्यक्रमात वेदनेवरच्या चाचण्यांना काही सामाईक प्रश्न बंधनकारक झाले. त्यांत तीव्रतेबरोबर झोप, चिंता, नैराश्य, नशेचे पदार्थ आणि कामात येणारा अडथळाही आहे.

हे सगळं परदेशात ठरलं. आपल्याकडची कहाणी भिगवणला घडली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये कॉपकॉर्ड हा उपक्रम सुरू केला: महागड्या तपासण्यांऐवजी दारोदार जाऊन ठरावीक प्रश्न विचारायचे. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये तो राबवला. प्रश्न मराठीत करताना खरी अडचण भाषेची नव्हतीच. गुडघ्याची ती वोमॅक प्रश्नावलीच घ्या, ती विचारते: मोजे घालता येतात का, बाथटबमध्ये उतरता येतं का? भिगवणच्या शेतकऱ्याला याचं काय? त्याचा गुडघा अडतो उकिडवं बसताना आणि मांडी घालताना. पुण्यात या प्रश्नावलीची जी भारतीय आवृत्ती झाली, तिने नेमक्या याच हालचाली आत घेतल्या.

एरवी भाषांतराची पद्धत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्र अनुवाद करायचा, मूळ न पाहिलेल्या दोघांनी तो उलटा फिरवायचा, समितीने फरक मिटवायचे, मग तीस-चाळीस रुग्णांवर चाचपून बघायचं. काही प्रश्नावल्यांना परवानाही लागतो. दुखतं का हे विचारण्याचेही पैसे मोजावे लागतात.

इंदूरच्या मराठी माणसाची गोची वेगळीच. त्याच्या हातात हिंदी फॉर्म येतो, तो वाचून दाखवणारा माळवी वळणाने वाचतो, सोबत आलेली सून आजींना मराठीत समजावते आणि उत्तर परत हिंदीत लिहिलं जातं. एवढ्या हातांतून गेलेला ७ फॉर्मवर मात्र इतर सातांसारखाच दिसतो. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला आणि उत्तर कुणी दिलं, हे दोन रकाने त्याच पानावर वाढवायला छपाईचा खर्चही वाढत नाही.