स्मृती-खिडक्यांवरचे पुसट चेहरे : पार्श्वभूमी

इंग्लंडमधील जुन्या पॅरिश चर्चांत, म्हणजे गावोगावच्या स्थानिक चर्चांत, आज दिसणाऱ्या बहुतेक चित्रमय खिडक्या मध्ययुगीन नसून १८४० नंतरच्या आहेत. मूळच्या कितीतरी काचा सोळाव्या-सतराव्या शतकांत मूर्तिपूजेच्या विरोधातून फोडल्या गेल्या होत्या. १८४५ मध्ये काचेवरील उत्पादन शुल्क रद्द होऊन काच स्वस्त झाली. त्याच सुमारास, मृताच्या नावाने भिंतीवर संगमरवरी फलक लावण्यापेक्षा खिडकी द्यावी, हा आग्रह गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन, शैलीच्या पुरस्कर्त्यांनी धरला. संतांच्या प्रतिमांकडे अनेक प्रोटेस्टंट संशयाने पाहत, पण बायबलमधील प्रसंगांना सहसा आक्षेप नसे. म्हणून मूल गमावलेले घर याइराच्या मेलेल्या मुलीला येशू उठवतो तो प्रसंग निवडी, तर परोपकारी स्त्रीसाठी गरिबांना कपडे शिवून देणारी दुर्कस योग्य वाटे. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांचे स्मारक असलेल्या मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील काचाही इंग्लंडमध्येच घडल्या.

अशा खिडक्यांच्या ‘स्टेन्ड ग्लास’ (शब्दशः, रंग मुरवलेली काच) या नावाने मात्र मोठा गोंधळ केला आहे. निळा, हिरवा, जांभळा हे रंग काच वितळलेली असतानाच धातूंची संयुगे मिसळून येतात. काचेत मुरणारा, म्हणजे खऱ्या अर्थाने ‘स्टेन’ म्हणावा असा पारंपरिक रंग एकच : चांदीच्या संयुगाचा लेप भाजल्यावर उमटणारा पिवळा. केस आणि तेजोवलये त्याने होतात. डोळे, ओठ, बोटे, वस्त्राच्या चुण्या आणि बहुधा तळाच्या पट्टीतील मृताचे नाव, हे सारे मात्र काचेची पूड व धातूची भस्मे घातलेल्या तपकिरी रंगाने रेखून भट्टीत पक्के केलेले असते. मराठीतला ‘रंगीत काच’ हा शब्दही हे चित्रकाम झाकूनच टाकतो.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. १८७० च्या दशकात हा तपकिरी रंग कमी तापमानात भाजता यावा म्हणून काही कार्यशाळांनी त्यात टाकणखार मिसळला; आतल्या बाजूस साचणाऱ्या दवाने तो रंग पुढे सुटत गेला. अशा खिडकीत झगा अजून गर्द निळा असतो, काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या शाबूत असतात, आणि चेहऱ्याच्या जागी कोरी फिकट काच उरते.

दव साचू नये म्हणून आता बाहेरून संरक्षक काच बसवून दोन्ही काचांमधल्या फटीत आतली हवा खेळती ठेवतात. हरवलेला चेहरा मूळ काचेवर पुन्हा रंगवणे मात्र बहुतेक संवर्धकांना मान्य नाही. त्याऐवजी मागे पातळ काच लावून तिच्यावर पुसट रेषा काढण्याची पद्धत काही ठिकाणी वापरतात. मला तीच रास्त वाटते, कारण ती काच नंतर काढता येते आणि मूळ हाताची उरलीसुरली रेघ तशीच राहते.