हातोडा व मोगरी : वापर आणि निगा (नाशिक परिसर)

हातोडा आणि मोगरी ही हाताने ठोका देण्याची अवजारे. हातोड्याचे डोके पोलादी असते, तर मोगरीचे लाकूड, रबर, नायलॉन किंवा तांबे अशा मऊ पदार्थाचे. ठोका बसावा पण वस्तूवर वण उमटू नये, अशा कामाला मोगरी घेतात. नाशकात तांबट आणि पाथरवटांपासून सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या फिटरपर्यंत आणि द्राक्षबागेत मांडवाचे खुंट ठोकणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या हाती हे अवजार असते. त्यातला धोका मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतो.

हातोड्याचे तोंड (ठोका देणारी बाजू) आणि मागची बाजू (पीन) पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, कठीण केलेली असते. मधला भाग मुद्दाम नरम ठेवतात, म्हणजे धक्क्याने तो तडकत नाही. तोंड सपाट दिसले तरी किंचित फुगीर असते आणि कडा घासून बोथट केलेल्या असतात. डोक्यातले भोक, म्हणजे नेढे, मध्ये अरुंद व दोन्ही बाजूंना थोडे रुंद असते. खालून दांडा घालून वरून पाचर मारली की लाकूड नेढ्यात फाकते आणि डोके अडकून बसते. हातोड्याची सारी सुरक्षितता या पाचरीवर आहे.

नाशिकच्या हवेत ही पाचर वर्षभर सारखी बसत नाही. पावसाळ्यात दांडा ओल धरून फुगतो. होळीनंतर हवा कोरडी पडते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तेच लाकूड आकसते आणि डोके हलू लागते. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे हातोडा रात्रभर बादलीत बुडवणे. सकाळी तो घट्ट वाटतो, कारण लाकूड फुगलेले असते. पण फुगताना नेढ्यात दाबले गेलेले तंतू वाळल्यावर आधीपेक्षा जास्त आकसतात. म्हणून पाणी टाळून नवी पाचर मारावी, आणि दांड्याला अधूनमधून जवसाचे तेल चोळावे. दांडा बाभळीचा किंवा धामणीचा चांगला. त्याच्या लाकडाच्या रेषा उभ्या, टोकापर्यंत सलग हव्यात. रेषा तिरप्या कापल्या गेल्या असतील तर दांडा तिथेच मोडतो. लाकडी दांडा मोडला म्हणून पाइप किंवा सळईचा तुकडा वेल्डिंग करून लावणे ही तर वाईट खोड: वेल्डिंगच्या उष्णतेने डोक्याचे पाणी (कठीणपणा) उतरते किंवा त्याला तडा जातो, आणि प्रत्येक ठोक्याचा हादरा थेट मनगटात येतो.

तोंडाच्या निगेचे महत्त्व पाहायचे तर जुन्या नाशकातल्या तांबट कामाकडे पाहावे. तांब्याच्या हंड्याला आकार आल्यावर तो मठारतात, म्हणजे ठोक्याला ठोका लागून पडेल असे सगळे अंग ठोकून काढतात. त्याने तांबे कठीण होते आणि पातळ पत्राही ताठ उभा राहतो. या हातोड्याचे तोंड आरशासारखे लखलखीत लागते. त्यावर नखाएवढा ओरखडा असला तरी तो दर ठोक्यागणिक भांड्यावर छापला जातो, आणि चकाकी देतानाही सहज जात नाही. म्हणून मठारायच्या हातोडीने खिळा ठोकत नाहीत. तोंड पॉलिश पेपरवर घासून, तेलाचा हात देऊन वेगळे ठेवतात. या कामात कानही जपावे लागतात. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा आहे. बंद खोलीतली ठोकाठोक ती सहज ओलांडू शकते.

कठीणावर कठीण मारू नये, हा नियम सगळीकडे लागू पडतो. हातोडीवर हातोडी मारली किंवा कानशीवर (फाइल), बेअरिंगच्या कडेवर थेट ठोका घातला की पोलादाची कपची गोळीसारखी उडते आणि डोळ्यात जाऊ शकते. कारखान्यात त्यासाठी तांब्याची किंवा नायलॉनची मोगरी असते. व्हाइसमध्ये (शेगड्यात) जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, बसवताना हीच वापरतात. छिन्नीचे डोके वारंवारच्या माराने पसरते, कडा उलटतात. त्या ग्राइंडरवर वेळीच काढाव्यात. पाथरवटाची सुतकी (दगड फोडायचा हातोडा) बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या दगडावर, चालते, तेव्हा धातूइतकीच दगडाची कपची उडते. चष्मा दोन्हीकडे हवाच.

वजन कामाप्रमाणे घ्यावे. पंचने (टोकदार पोलादी खिळीने) खुणा करायला 250 ग्रॅमची बॉल पीन (मागची बाजू गोल असलेली) हातोडी पुरते, आयटीआयमध्ये फिटरला हेच शिकवतात. हलक्या हातोडीने जोर लावून मारण्यापेक्षा योग्य वजनाची हातोडी दांड्याच्या शेवटाकडे धरून मारावी. नजर हातोडीवर नको, ठोका पडायच्या जागेवर हवी. घण चालवताना दुसऱ्याने छिन्नी हातात न धरता सांडशीत धरावी, आणि घणाच्या रेषेत कोणी उभे राहू नये. तेलकट हात आणि सुती हातमोजे, दोन्ही निसटतात. पंज्याच्या (मागे दुभंगलेल्या) हातोडीने खिळा उपटताना हातोडीच्या डोक्याखाली लाकडाचा तुकडा ठेवला की दांड्यावर ताण येत नाही.

लाकडी मोगरीचे तोंड फाटू लागले की कडा तासून काढाव्यात. रबरी मोगरी उन्हात टाकली की कडक होऊन चिरते. पोलादी डोक्याला तडा दिसला किंवा तोंडाची कपची उडाली तर ते घासून किंवा वेल्डिंगने दुरुस्त करू नये. असा हातोडा भंगारात देताना दांडा आधी कापून टाकावा, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी आणखी कोणाच्या हातात दिसतो.