शून्य की बंद? किरणोत्सर्ग मापकांतल्या स्वयंचाचणीची पार्श्वभूमी

सप्टेंबर १९८७ च्या अखेरीस ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात एक भौतिकशास्त्रज्ञ उसनं आणलेलं मीटर घेऊन आरोग्य खात्याच्या कार्यालयाकडे निघाला. इमारत अजून लांब होती, तरी मीटर चालू करताच काटा थेट टोकाला जाऊन बसला. कुठेही वळवलं तरी तेच. मीटर बिघडलंय असं समजून तो परत गेला आणि दुसरं घेऊन आला. त्याचाही काटा टोकाला गेला, तेव्हा कळलं की दोष मीटरमध्ये नाही. कॅन्सरवरच्या उपचारांच्या बेवारस यंत्रातलं सीझियम-१३७ हे किरणोत्सर्गी द्रव्य भंगारवाल्यांच्या हाती लागून शहरभर पसरलं होतं. त्या अपघातात चार जणांचा बळी गेला.

इथे काटा टोकाला गेला म्हणून निदान शंका तरी आली. पण मीटर शून्य दाखवत असेल तर? किरणोत्सर्ग नाही म्हणून शून्य, की बॅटरी उतरलीय, किरणोत्सर्ग टिपणाऱ्या नळीतला वायू गळालाय, केबल तुटलीय म्हणून शून्य? काट्याकडे बघून हे कळत नाही. जाणता वायरमन टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून दिवा लागतोय ना ते बघतो आणि मगच बंद म्हणून सांगितलेल्या तारेला हात लावतो. किरणोत्सर्ग मापकांतल्या स्वयंचाचणीचं मूळही एवढंच आहे. पुढचा सगळा इतिहास म्हणजे आधीच्या चाचणीतून काय निसटलं, याचा शोध.

हान्स गायगर आणि वाल्टर म्युलर यांनी १९२८ मध्ये जर्मनीतल्या कील इथे जी नळी बनवली, तिला ही सोय आपोआप मिळाली होती. अवकाशातून येणारे वैश्विक किरण, जमिनीतलं युरेनियम-थोरियम, भिंतीतलं पोटॅशियम यांमुळे वायूने भरलेल्या या नळीत अधूनमधून ठोका, म्हणजे विजेचा क्षणिक झटका, पडतच राहतो. हेडफोनमध्ये टक-टक ऐकू येतेय म्हणजे उपकरण जिवंत आहे. यासाठी वेगळं सर्किट लागलं नाही.

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने नागरी संरक्षणासाठी मीटरं मोठ्या प्रमाणावर बनवली. ती प्रशिक्षित माणसांच्याच हाती जातील याची खात्री नव्हती. त्यातल्या सीडी व्ही-७०० या गायगर मीटरच्या कडेला, लेबलाखाली, युरेनियमची लहानशी चकती बसवलेली असे. प्रोबचं, म्हणजे नळी बसवलेल्या दांड्याचं, झाकण उघडून तो लेबलावर धरायचा आणि काटा ठरलेल्या पट्ट्यात येतो का बघायचं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षं, त्यामुळे चकती कमजोर पडण्याचा प्रश्न नाही. माझ्या मते आजवरची सर्वात प्रामाणिक चाचणी हीच. खरा किरणोत्सर्ग नळीत शिरतो आणि नळीपासून काट्यापर्यंतची अख्खी साखळी एका दमात तपासली जाते.

त्याच काळातल्या सीडी व्ही-७१५ मध्ये मात्र हे जमण्यासारखं नव्हतं. अणुस्फोटानंतर ताशी ५०० राँटजेनपर्यंत (राँटजेन हे किरणोत्सर्गाच्या माऱ्याचं एकक) मोजायला तो केला होता. त्यातल्या आयन चेंबरला, म्हणजे किरणोत्सर्गामुळे आतल्या हवेतून वाहणारा बारीक प्रवाह देणाऱ्या डबीला, आसपासच्या नेहमीच्या किरणोत्सर्गाचा पत्ताही लागत नसे, आणि काटा हलवण्याइतका जोरदार स्रोत डब्याला चिकटवणं म्हणजे वापरणाऱ्यालाच धोका. म्हणून स्विचवर ‘सर्किट चेक’ अशी जागा दिली. तिथे काटा खुणेच्या भागात आला की बॅटरी, इलेक्ट्रोमीटर (तो बारीक प्रवाह मोजणारं सर्किट) आणि मीटर ठीक. पण खुद्द चेंबर या चाचणीच्या बाहेरच राहिला. सर्किट चेक पास आणि चेंबर नापास, असं होणं सहज शक्य होतं.

ही फट कशी बुजवायची, हा प्रश्न अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ ला झालेल्या अपघातानंतर अणुवीज केंद्रांपुढे नव्याने आला. कंटेनमेंटमध्ये, म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीत, ताशी १ कोटी राँटजेनपर्यंत मोजणारे मॉनिटर बसवा, असं अमेरिकन नियामकाने सांगितलं. पण ते तपासायला एवढा किरणोत्सर्ग आणायचा कुठून? १९८० मध्ये व्यवहार्य तोड निघाली. ताशी १० राँटजेनच्या खाली निदान एका टप्प्यात खऱ्या स्रोताने कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे मापकाचा आकडा ज्ञात माऱ्याशी ताडून बघायचा, आणि त्यावरच्या टप्प्यांत डिटेक्टरऐवजी (किरणोत्सर्ग टिपणाऱ्या भागाऐवजी) विजेचा कृत्रिम संकेत देऊन भागवायचं.

असा संकेत देण्याची एक पद्धत मला फार आवडते. आयन चेंबर हा मुळात एक छोटा कपॅसिटरच, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक. त्याच्या हाय व्होल्टेजच्या टोकाला विजेचा दाब एकसारख्या गतीने वाढवत नेला, की चेंबरमधून स्थिर प्रवाह पलीकडे जातो. चेंबरची धारकता (भार साठवण्याची क्षमता) १० पिकोफॅरड आणि वाढ सेकंदाला १० व्होल्ट असेल, तर प्रवाह १०० पिकोअँपियर. साधारण एक लिटर हवेच्या चेंबरमध्ये ताशी १ राँटजेनला जवळपास एवढाच प्रवाह मिळतो. संकेत चेंबरमधूनच येत असल्याने तुटलेली केबलही पकडली जाते. गळालेला वायू मात्र तरीही नाही. त्यासाठी काही चेंबरमध्ये अल्फा किरण देणारा चिमूटभर पदार्थ कायमचा ठेवतात. शून्याऐवजी नेहमी थोडा प्रवाह वाहत राहतो, आणि तो घसरला की बिघाडाचा दिवा लागतो.

मायक्रोप्रोसेसर आल्यावर गायगर नळीच्या टक-टकीवर कान ठेवायचं काम त्याच्याकडे गेलं. ठराविक वेळात एकही ठोका पडला नाही, की डिटेक्टर फेल. हा वेळ ठरवण्यातच खरी मेख आहे. समजा, लहान नळीत मिनिटाला सरासरी सहा ठोके पडतात. तरी नशिबाने साधारण ४०० मिनिटांतलं एक मिनिट कोरं जाणारच, म्हणजे दर मिनिटाला तपासलं तर दिवसाला तीन-चार खोट्या तक्रारी. तीन मिनिटं थांबलं तर अशी शक्यता सहा कोटींत एकाच्या आसपास येते. पण मग मेलेली नळी तीन मिनिटं कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे रुग्णालयांत कोबाल्ट थेरपीच्या खोलीत भिंतीवर गॅमा झोन मॉनिटर, म्हणजे खोलीतल्या गॅमा किरणांचा इशारा देणारा मापक, असतो. तिथे प्रत्येक उपचाराला कोबाल्टचा स्रोत कवचातून बाहेर आला की तो वाजतो, ही आयतीच चाचणी.

चेर्नोबिल अणुवीज केंद्रात २६ एप्रिल १९८६ ला, अपघाताच्या रात्री, कर्मचाऱ्यांच्या हातातली मीटरं सेकंदाला १००० मायक्रोराँटजेनपर्यंतच मोजू शकत होती. म्हणजे ताशी ३.६ राँटजेन. काटे टोकाला टेकले आणि वर तोच आकडा कळवला गेला. कुठल्याही स्वयंचाचणीत ही मीटरं पास झाली असती. गायगर नळीची तऱ्हा याहून वाईट. फार तीव्र किरणोत्सर्गात ती गुदमरते, ठोके पडेनासे होतात आणि काटा उलट खाली येतो. म्हणून चांगल्या मीटरांत नळीतून जाणाऱ्या सरासरी प्रवाहावर लक्ष ठेवणारं वेगळं सर्किट असतं. तो हद्दीबाहेर गेला की ठोके येवोत न येवोत, काटा टोकालाच अडकवून ठेवायचा. हे सर्किट खरोखर चालतं का, ते कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत मोठ्या स्रोतासमोर धरूनच बघावं लागतं. मीटरवरचं टेस्टचं बटण तिथवर पोचत नाही.